जॅकरॅबिट ओक : रिपॉझिटरी उभारण्याआधी काय ठरवाल
जॅकरॅबिट ओक म्हणजे मजकूर आणि फाइली झाडासारख्या रचनेत साठवणारं सॉफ्टवेअर; हा साठा म्हणजे रिपॉझिटरी आणि त्यातला प्रत्येक घटक म्हणजे नोड. कोडला हात लावण्याआधी नोडची रचना कागदावर काढा; नंतर ती बदलणं सगळ्यात महाग पडतं. एका नोडखाली हजारो नोड येणार असतील, तर ‘एनटी:अनस्ट्रक्चर्ड’ हा प्रकार नकोच. तो खालच्या नोडचा क्रम जपतो, त्यामुळे प्रत्येक नव्या नोंदीला पालक नोडमधली क्रमयादी बदलावी लागते आणि एकाच वेळी लिहिणाऱ्यांची टक्कर होते. क्रम न जपणारा ‘ओक:अनस्ट्रक्चर्ड’ घ्या.

मोठ्या फाइली वेगळ्या डेटा स्टोअरमध्ये, म्हणजे फाइलींच्या स्वतंत्र साठ्यात, ठेवा. तिथे फाइलीची ओळख हॅशवरून (तिच्या आशयावरून काढलेल्या खुणेवरून) ठरते, म्हणून तीच फाइल दोनदा चढवली तरी एकदाच साठते. पण नोड पुसला तरी फाइल जागा अडवून बसते; गार्बेज कलेक्शनची, म्हणजे अशा बिनवापराच्या फाइली साफ करण्याची, वेळ आत्ताच ठरवा.

कोणते शोध लागणार ते लिहून त्यांनुसार इंडेक्स (शोधसूची) बनवा, नाहीतर ओक एकेक नोड चाळत बसतं. परवानग्या मात्र व्यक्तीला नको, गटाला द्या.