फ्लाइंग स्कूल निवडताय? आधी विमानं मोजा, मग पैसे

एअर ट्रॅफिक कंट्रोलमधून निवृत्त झालो आणि इंदूरला लोकमान्य नगरातल्या घरी मुलांना नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवायला लागलो. बारावीचा निकाल लागला की आमच्या दाराशी चपलांचे जोड वाढतात. मुलगा किंवा मुलगी, आईबाबा, एकदा तर आजीसुद्धा. हातात चकचकीत माहितीपत्रक. "काका, ही फ्लाइंग स्कूल कशी आहे?" मी चष्मा लावतो तेवढ्यात पुढचं वाक्य येतं: "ॲडव्हान्स भरून झालाय."

मग विचारायला कशाला आलात, हे अगदी ओठांवर येतं. पण तोवर हिने चहा टाकलेला असतो.

सगळी फी एकदम भरणे

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून आधी हिच्यावरच बोलतो.

रामबागेतले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा हुशार, चष्मा नाही, उंची चांगली. शाळेने सांगितलं, पूर्ण फी एकरकमी भरलीत तर तीन लाख सूट, पण महिनाअखेरपर्यंतच. आयुष्यभर दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासलेला माणूस, पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत भुलला. पीएफ मोडला, भरले पैसे. मला कळलं तेव्हा चौदा महिने झाले होते आणि दिवाळीला घरी आलेल्या पोराच्या लॉगबुकात तास होते ३८. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, लागतात २००.

मी त्यांच्याबरोबर शाळेत गेलो. मालकांनी काजू-बदाम पुढे केले. "सर, सब हो जाएगा, टेन्शन मत लीजिए." माहितीपत्रकात सहा विमानं होती, हँगरमध्येही सहाच होती, खोटं काही नव्हतं! फक्त एकाला प्रोपेलर नव्हता, एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलेलं, एकाची चाकं बसलेली आणि एकाच्या शेपटीत साळुंकीने घरटं केलेलं. उडत होती दोन. त्यातलं एक त्या आठवड्यात इन्स्पेक्शनला. मुख्य प्रशिक्षक नोकरी सोडून एअरलाइनमध्ये गेलेले, नवे "येत आहेत". परताव्याचं विचारलं तर करारनाम्यातलं नववं कलम दाखवलं: भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. खाली या गृहस्थांचीच सही, बँकेतल्यासारखी सुरेख, वळणदार.

तीन लाख वाचवायला गेले आणि सगळी रक्कम अडकवून बसले.

घरी आलेल्या प्रत्येकाला मी वही-पेन्सिल देऊन एक गणित सोडवायला लावतो. शाळेत चाळीस मुलं आहेत, प्रत्येकाला २०० तास, म्हणजे ८००० तास उड्डाण हवं. खरोखर उडणारी विमानं चार, प्रत्येक विमान दिवसाला चार तास, महिन्यात बावीस दिवस. झाले ३५२ तास. भागाकार करा: जवळजवळ तेवीस महिने. यात पावसाळा धरलेला नाही, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग काय करतात हे माळव्यातल्या माणसाला मी सांगायला नको. शिवाय दर १०० तासांनी विमानाची मोठी तपासणी असते आणि तेवढे दिवस ते जमिनीवरच. आता त्याच शाळेच्या पत्रकात "बारा महिन्यांत कोर्स पूर्ण" लिहिलेलं असेल तर ते कोणत्या अंकगणिताने, ते त्यांनाच विचारा. मी विचारतो. उत्तर म्हणून पुन्हा काजू येतात.

माझी पद्धत साधी आहे. पैसे तासांच्या हिशेबाने द्यायचे: पंचवीस तास उडालो, पुढच्या पंचवीसचा हप्ता. सगळ्या शाळा मानत नाहीत. जी अजिबात ऐकूनच घेत नाही तिथून मी उठतो. करारात चार गोष्टी लिहून घ्यायच्या: २०० च्या वर तास लागले तर दर काय, इंधन महागलं तर कोण सोसणार, परीक्षकाची आणि मल्टि-इंजिन विमानावरच्या उड्डाणाची फी धरली आहे का, आणि विमान नाही म्हणून उड्डाण थांबलं तर पैशांचं काय. तोंडी "हो हो" चालणार नाही. आज सगळं मिळून पन्नास लाखांच्या आसपास जातात, त्यात हॉस्टेलचा विषय हळूच मागून निघतो.

विमानं पत्रकात मोजणे

लहानपणी नवरात्रात आई बिजासनला न्यायची. देवीचं दर्शन व्हायचं आणि टेकडीवरून खाली धावपट्टीवर उतरणारी विमानं दिसायची. तिथे मला मोजायची सवय लागली आणि पुढे टॉवरमध्ये तेच काम पोटापाण्याचं झालं. म्हणून सांगतो, शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात नंतर जा. आधी न कळवता दोन दिवस त्या गावात राहा. सकाळी साडेसहाला कुंपणाजवळच्या चहाच्या टपरीवर बसा आणि साडेदहापर्यंत प्रत्येक टेकऑफ वहीत लिहा. नुसता आकडा नको, विमानावर रंगवलेल्या नोंदणीतली 'व्हीटी' पुढची तीन अक्षरंही लिहा. नाहीतर एकच सेसना विमान सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवती, गोल गोल फिरत असतं आणि बाबा खूश होऊन सांगतात, "अहो, चिक्कार विमानं आहेत!"

हे नोव्हेंबर-डिसेंबरात, हवा स्वच्छ असताना करा. त्या दिवसांत जर सकाळी तीनच टेकऑफ दिसले, तर जुलैत काय दिसेल?

मग मेसमध्ये जेवा आणि जुन्या मुलांशी बोला. ऑफिस ज्याला भेटवतं त्याच्याशी नाही, भांडी घासायच्या रांगेत जो वैतागून उभा असतो त्याच्याशी. एकच प्रश्न: "गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?" मुलं खरं सांगतात.

धावपट्टीचंही बघायचं. मोठ्या विमानतळावर शाळा असेल तर प्रवासी विमानं आधी, शिकाऊ नंतर. धावपट्टीच्या तोंडाशी, होल्डिंग पॉइंटवर, थांबून इंजिन सुरू, मीटर सुरू, बापाचे पैसे सुरू. उलट निवांत हवाईपट्टीवर सर्किट भरपूर होतात, पण ती मुलं क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतच्या उड्डाणावर, आमच्या टॉवरशी बोलायला लागली की तोंडाला कुलूप. मी विचारायचो 'उंची सांगा', पलीकडे नुसती खरखर. तरी मला विचाराल तर निवांत पट्टीच घ्या. बोलणं शिकवता येतं, गेलेला वेळ परत मिळत नाही. फक्त त्या पट्टीला रात्रीचे दिवे आहेत का ते विचारून घ्या. सीपीएलला पाच तास रात्रीचं उड्डाण लागतं, त्यात दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग. दिवे नसतील तर त्यासाठी दुसऱ्या गावी जाऊन रांगेत उभं राहायचं.

मेडिकलच्या आधी प्रवेश

करू नका. आधी क्लास टू ही पहिली वैद्यकीय तपासणी, मग लगेच सीपीएलला लागणारी क्लास वन, आणि मगच शाळेचं नाव काढा. रंगांधळेपणा आरशात दिसत नाही. एका मुलीला तो इशिहारा चाचणीच्या रंगीत ठिपक्यांतून कळला, तोवर हॉस्टेलचं सामानही पोचलं होतं.

कागदपत्रं

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. कॉमर्सवाल्यांनी आधी मुक्त विद्यालयातून ते विषय द्यावेत. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं; त्यांच्या परीक्षांसाठी लागणारा कंप्युटर नंबर प्रवेशाआधी काढा, त्यासाठी लागणारी बोर्डाची गुणपत्रिका-पडताळणी आपल्या गतीने येते. लेखी परीक्षांना ७० टक्के लागतात. जमलं तर एक-दोन पेपर उडायच्या आधी द्या. उड्डाण सुरू झाल्यावर पुस्तक उघडवत नाही.

"शंभर टक्के प्लेसमेंट"

हसा आणि पुढे चला. नोकरी एअरलाइन देते, तीही स्वतःची परीक्षा घेऊन, आणि टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे, पैसे वेगळे.

परदेशात लवकर होतं

हवा चांगली असेल तर होतं. मग परत येऊन डीजीसीएच्या परीक्षा आणि परवान्याचं रूपांतर. तो काळ आणि खर्च धरून तुलना करा. सागरजवळचं ढाना, गोंदियाजवळचं बिरसी, बारामती किंवा उत्तर प्रदेशातलं फुरसतगंज इथल्या शाळा न बघताच थेट फ्लोरिडाचं बोलणाऱ्यांना मी बशीत पोहे वाढतो, सल्ला देत नाही.

पार्कर पेनचे तास

"काका, थोडे तास लिहून देतात म्हणे." हे वाक्य माझ्या घरात चालत नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि न उडालेले तास यांची प्रकरणं बाहेर आली, वैमानिकांना अटक झाली. एवढं घडून गेल्यावरही घाई झालेलं एखादं पोर दर वर्षी हळूच विचारतंच. टॉवरमध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद असते, बाळांनो. पेनाने लिहिलेला तास तिथे सापडत नाही, आणि क्रॉसविंडमध्ये, आडव्या वाऱ्यात, उतरताना तर मुळीच सापडत नाही.

डीजीसीएची यादी न बघणे

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए शाळांची श्रेणी जाहीर करते. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींमध्ये एकही शाळा नव्हती. यादी बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. टपरीवरची वही तिच्याहून ताजी असते.

रामबागेतला तो मुलगा दुसऱ्या शाळेत गेला, पहिले तास तेवढे वाया गेले नाहीत. या वेळी गृहस्थ स्वतः तीन दिवस जाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मला व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला: बँकेतल्या अक्षरात चार विमानांची नावं, समोर वेळा, खाली बेरीज, एकूण सतरा टेकऑफ. पुढे विचारलेलं, "भरू का?"

मी लिहिलं, भरा. पण पहिला हप्ताच.