शिकवण्याची ओढ टिकवायची कशी

आपण शिकवलेलं मुलांना किती उमगलं हे शिक्षकाला रोज दिसत असेल, तर तोच धडा पंधराव्या वर्षीही ताजा वाटतो. ते दिसेनासं झालं की उरतात फक्त तास, वह्या आणि तक्ते. म्हणून दोन गोष्टी साधायच्या: मुलांचं कळणं रोज नजरेला पडलं पाहिजे आणि ते पाहण्याइतका वेळ हाताशी राहिला पाहिजे.

आधी थकवा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. ख्रिस्तिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याची मोजपट्टी मांडली. तिच्यात तीन बाजू आहेत: मन रिकामं होणं, माणसांशी कोरडेपणाने वागणं आणि आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. दोन आठवडे रोज शेवटच्या तासानंतर एकच ओळ लिहा: आज कोणत्या तासाने दमवलं आणि कशामुळे. मन रिकामं झाल्याच्या नोंदी जास्त असतील तर कामाचा बोजा कमी करावा लागेल. कोरडेपणा दिसत असेल तर रोज एका विद्यार्थ्याशी अभ्यास सोडून दोन मिनिटं बोला. तिसरी बाजू जड असेल, तर खालची चिठ्ठी सगळ्यात आधी सुरू करा.

ही चिठ्ठी अशी: तास संपायला चार मिनिटं असताना प्रत्येक मुलाला अर्धा कागद द्या आणि एकच प्रश्न विचारा. ‘समजलं का?’ हा प्रश्न कुचकामी आहे, कारण त्यावर सगळेच मान हलवतात. चुकीचं उत्तरही काही सांगून जाईल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, ‘३/४ आणि ५/८ यांतला मोठा अपूर्णांक कोणता, आणि का?’ ५ हा ३ पेक्षा मोठा आणि ८ हा ४ पेक्षा मोठा म्हणून ५/८ लिहिणारं मूल अंश आणि छेद सुटे सुटे वाचतंय, हे तिथेच कळतं. ‘का’ गाळलं तर अंदाजाने बरोबर आलेली उत्तरंही खरी वाटतात. प्रश्न तीन केले की चिठ्ठ्यांचा ढीग होतो आणि आठवड्याभरात हा उपक्रम बंद पडतो.

आता वह्या. सगळ्यात जास्त जीव इथेच जातो. चाळीस वह्या, प्रत्येकीला तीन मिनिटं, म्हणजे दोन तास, आणि त्यातल्या बहुतेक खुणा कुणी वाचतही नाही. त्याऐवजी वह्या नुसत्या चाळा. वहीमागे अर्धा मिनिट पुरे. जमलेल्या, अर्धवट आणि न जमलेल्या असे तीन गठ्ठे करा, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या तीन चुका टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्यांनाच द्या. सविस्तर शेरा आठवड्याला फक्त आठ वह्यांवर लिहा. पाच आठवड्यांत चाळीसही वह्या होतात. या शेऱ्याशेजारी गुण लिहू नका. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची गोडी टिकली, पण गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. शेरा वाचून काम सुधारायला वर्गातच दहा मिनिटं द्या. ‘घरी करून आणा’ म्हटलं की शेऱ्याचं काम तिथेच संपतं.

वर्गात प्रश्न विचारल्यावर थांबण्याचा सराव करा. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना आढळलं की शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. सुरुवातीला ही शांतता अवघड वाटते, म्हणून मनात तीन आकडे मोजा आणि पहिला आठवडा एकाच वर्गात करून पाहा.

नवं काही करायचं असेल तर एका सत्रात एकच धडा बदला. सगळं एकदम बदलायला गेलं की महिन्याभरात दमछाक होते आणि कशाने फरक पडला तेही समजत नाही. बदललेला धडा झाला की त्याच दिवशी तीन ओळी लिहून ठेवा: मुलं कुठे अडली, कोणतं उदाहरण चाललं, पुढच्या वेळी काय वगळायचं. महिन्यातून एकदा विश्वासातल्या सहकाऱ्याला वीस मिनिटं वर्गात बसवा, पण त्याने पाहायचं ते मुलांकडे. मागच्या बाकांवरची मुलं उदाहरण सोडवताना नेमकी कुठे थांबतात, एवढंच त्याने टिपायचं. लेखी अहवाल नको; तो आला की तपासणी सुरू होते आणि मोकळेपणा जातो.

इतकं करूनही झोप उडालेली असेल किंवा सुट्टीतही मन उभारी धरत नसेल, तर डॉक्टरांना भेटायला उशीर करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या अशा थकव्याला आजार न म्हणता व्यवसायाशी जोडलेली स्थिती म्हटलं आहे. म्हणजे कामातही बदल मागायला हवा. ‘फार ताण आहे’ एवढ्यावर मुख्याध्यापकांना काही करता येत नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवा आणि नेमकं मागा: अमुक दोन नोंदवह्यांची एक करा, किंवा सलग पाच तासांच्या दिवशी मधला एक तास मोकळा द्या.