स्कॉट्स लव्हेज खुडताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर, भरतीचं पाणी पोचतं त्याच्या जरा वर, कपारींमध्ये चकचकीत हिरव्या पानांचं एक बुटकं रोप दिसतं. पान चुरगाळलं की सेलरी आणि कोथिंबीर यांच्या मधला वास येतो. हेच स्कॉट्स लव्हेज. गेलिक भाषेत शूनस. हेब्रिडीज बेटांवरचे लोक पूर्वी ते कच्चं खात, शिजवूनही खात. ताज्या भाजीपाल्याची वानवा असायची तिथे स्कर्व्हीवरचा, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारावरचा, तो उतारा मानला जाई. नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडाचा पूर्व किनारा इथेही ते उगवतं.

कोथिंबीर, शेपू, जिरं, ओवा, बडीशेप, गाजर ही सगळी याचीच भावंडं. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला ते लगेच आपलंसं वाटतं ते यामुळेच, आणि पहिली चूकही इथेच होते.

नाकावर भरवसा ठेवणं

मंडईत आपण जुडी नाकाशी धरून पारखतो. या कुळातल्या रानटी झाडांच्या बाबतीत ती सवय जिवावर बेतू शकते. हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट ही ब्रिटनमधल्या सर्वांत विषारी वनस्पतींपैकी एक. तिचा वासही पार्स्लीसारखा, चक्क भूक चाळवणारा. ओढ्याकाठी, चरांमध्ये ती वाढते. पश्चिम किनाऱ्यावर गोड्या पाण्याचा झरा जिथे समुद्राला मिळतो तिथल्या दगडांतही सापडते. म्हणजे ‘समुद्राजवळ आहे, वास चांगला आहे’ एवढ्यावर काहीच ठरत नाही.

२००२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली पश्चिम स्कॉटलंडमधल्या अर्गाइलची घटना वाचण्यासारखी आहे. सुट्टीवर आलेल्या आठ तरुणांनी ओढ्यातून ड्रॉपवर्टची मुळं खणली, खाण्याजोगं दुसरंच कंद समजून त्यांची करी केली आणि सगळे जेवले. सुमारे दहा तासांनी एकाला झटके आले तेव्हा प्रकार उघडकीस आला. यातलं विष मेंदूला शांत ठेवणारी यंत्रणाच अडवतं, म्हणून झटके येतात. आपल्याकडे कडू-तुरट भाजी उकडून पाणी टाकून देतात, तसं करून हे विष जाईल या समजुतीत राहू नका.

मग ओळखायचं कशावरून? पानावरून. लव्हेजचा देठ तीन फाट्यांत फुटतो आणि प्रत्येक फाट्यावर पुन्हा तीन पर्णिका (पानाचे छोटे भाग) असतात, म्हणजे खालच्या पानात ढोबळमानाने नऊ. त्या रुंद, जाडसर, तुळतुळीत असतात आणि दाते वरच्या अर्ध्या भागात असतात. खोडावर उभ्या रेघा, बुडाशी बहुधा जांभळट झाक. ड्रॉपवर्टचं पान पुन्हा पुन्हा विभागत जातं, पर्णिका कितीतरी जास्त असतात आणि झाड माणसाच्या छातीएवढं उंच होऊ शकतं. खोडावर जांभळे डाग असतील आणि उंदरासारखा कुबट वास येत असेल तर तो साधा हेमलॉक, तोही जीवघेणाच. नुसत्या जांभळ्या रंगावरून निवाडा करायचा नाही तो याचसाठी.

मोबाइलवरचं झाड ओळखणारं ॲप पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांपुढे सहज गोंधळतं. माझं स्पष्ट मत असं, की जाणकार माणसाने ते झाड जागेवर दाखवेपर्यंत एक पानही तोंडात घालू नये. आणि चुकून भलतंच खाल्लं गेलंच, तर लक्षणांची वाट पाहत बसू नका. ब्रिटनमध्ये ९९९ ला फोन करा, मुद्दाम उलटी काढू नका, झाडाचा तुकडा जपून ठेवा.

मूळ उपटणं

१९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटता येत नाही. शिवाय या कुळात सर्वांत घातक चुका मुळांच्याच बाबतीत होतात. पानं पुरेत. एका रोपाची एक-दोन पानं कात्रीने कापायची आणि पुढे सरकायचं. मेंढ्यांना हे रोप फार आवडतं. चराऊ उतारावर ते टिकत नाही, उरतं ते अवघड कपारींत. म्हणून लोक ओल्या कड्यावर हात लांबवतात. तसं करू नका. चार पानांसाठी पाय घसरणं परवडणारं नाही. हाताशी येईल तेवढंच घ्या, आणि जाण्याआधी भरतीची वेळ बघून ठेवा.

कोथिंबिरीच्या मापाने घालणं

ओळख पक्की झाली, पानं घरी आली आणि बटाट्याच्या भाजीवर मूठभर पेरली, की भाजी वाया गेलीच समजा. चव उग्र असते. कोथिंबिरीच्या चौथाईपासून सुरुवात करा. जून-जुलैत फुलं आल्यावर पानं कडवट आणि चिवट होतात. एप्रिल-मेमधली कोवळी पानं घ्यावीत. भाजी कडू झालीच असेल तर दही किंवा ओलं खोबरं घालून थोडी सावरते, साखरेने नाही. आणखी एक, किनाऱ्यावरच्या पानांवर खारे तुषार वाळलेले असतात. नीट धुवा आणि मीठ शेवटी चाखून घाला.

मला ते सर्वांत आवडतं ते बांगड्याबरोबर. तिकडचा मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच. हळद-तिखट लावून तळायचा आणि तव्यावरून उतरवताना बारीक चिरलेली पानं टाकायची. थालीपिठातही छान लागतं. सुकलेलं बी जिऱ्याच्या अंगाने जातं; फोडणीत जिऱ्याच्या निम्मं पुरतं, मात्र करपू देऊ नका. बी गोळा करायच्या वेळेला पानं वाळलेली असतात, ओळख पटवणं अवघड होतं. म्हणून वसंतात हेरून ठेवलेल्या झाडाचंच बी घ्या.

बी खिशात टाकून भारतात आणणं

पेरणीसाठी बी आणायचं तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आणि आणलं तरी पुण्यात काय, दापोलीत काय, उपयोग नाही. याचं बी थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही. ‘बी उगवलं नाही’ ही तक्रार स्कॉटलंडमध्ये राहणारेही करतात, कारण ते जुनं बी उन्हाळ्यात खिडकीत ठेवून पेरतात. ताजं बी शरदात पेरा, रेती मिसळून माती निचऱ्याची करा आणि कुंडी हिवाळाभर बाहेरच राहू द्या. कोंब वसंतातच दिसतील.