जेनेटिक कोड कसा उलगडला हे लिहिताना या चुका टाळा

बारावीच्या, नीटच्या मुलांच्या उत्तरात एक वाक्य हमखास सापडतं, वॉटसन-क्रिकने १९५३ ला जेनेटिक कोड शोधला. नाही हो! तेव्हा कळली ती डीएनएची रचना, कुठल्या तीन अक्षरांना (म्हणजे बेसना) कुठलं अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतला कुठला मणी, हा तक्ता म्हणजे जेनेटिक कोड, तो पुरा व्हायला १९६६ उजाडलं.

तीन अक्षरं हा अंदाज भौतिकशास्त्रज्ञ गॅमॉवचा, अक्षरं चारच, ती दोन-दोन घेतली तर १६च जोड्या होतात आणि अमिनो ॲसिड २०, म्हणून. पण अंदाजाला पुरावा म्हणू नका. पुरावा क्रिक, ब्रेनर आणि मंडळींनी १९६१ ला बॅक्टेरियांना लागण करणाऱ्या टी४ व्हायरसवर दिला, एक किंवा दोन बेस जास्तीचे घुसले की जीन बिघडतो, तीन घुसले की बऱ्याचदा परत चालतो.

त्याच वर्षी निरेनबर्ग आणि मथाई यांनी अमेरिकेत बेथेस्डाला ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या फुटलेल्या पेशींच्या रसात नुसत्या यू-यू-यूचा आरएनए टाकला आणि नुसत्या फेनिलॲलनिनची साखळी मिळाली. इथे हुशार मुलं अडकतात, एयूजी हा स्टार्ट कोडॉन, म्हणजे जिथून वाचन सुरू होतं ती तीन अक्षरं, नाही तर सुरुवात झालीच कशी? शंका अगदी बरोबर आहे, उत्तर मॅग्नेशियममध्ये आहे, त्या मिश्रणात ते पेशीतल्यापेक्षा जास्त होतं आणि तेवढं असलं की प्रोटीन बनवणारा रायबोसोम स्टार्ट कोडॉनशिवायही काम सुरू करतो. पेशीत असं चालत नाही, त्यामुळे या प्रयोगावरून स्टार्ट कोडॉनचा नियम खोटा ठरवू नका.

सगळ्यात जास्त मार्क जातात हर गोविंद खोरानांच्या प्रयोगात, ज्यात तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येणारा आरएनए वापरला. यूसीयूसीयूसी दिल्यावर सेरिनची एक आणि ल्युसिनची एक अशा दोन साखळ्या लिहितात. कागदावर तीन-तीनचे गट पाडून बघा ना, यूसीयू, सीयूसी, यूसीयू... कुठूनही सुरू करा, दोन कोडॉन (तीन अक्षरांचे गट) आलटून पालटूनच येणार, म्हणून साखळी एकच, सेरिन-ल्युसिन-सेरिन-ल्युसिन. एएजीएएजी दिलं तर मात्र एएजी, एजीए, जीएए असे तीन वेगळे वाचनमार्ग, म्हणून तीन वेगळ्या साखळ्या, लायसिन, आर्जिनिन आणि ग्लुटामिक ॲसिडची. हा फरक हाताने लिहून काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

पण यूसीयू म्हणजे सेरिन की ल्युसिन हे त्या एका साखळीवरून ठरत नाही. ते सुटं करायला लेडर आणि निरेनबर्गची १९६४ची पद्धत कामी आली, फक्त तीन अक्षरांचा तुकडा रायबोसोमला द्यायचा आणि कुठलं अमिनो ॲसिड वाहून आणणारा टीआरएनए त्याच्यासोबत फिल्टरवर अडकतो ते बघायचं. यूसीयूला सेरिनवाला अडकला.