फूटपाथच्या कोपऱ्यावरचा रॅम्प: या चुका टाळा

मुंबईत फूटपाथचं नवं काम झालं की हल्ली कोपऱ्यावर उतार दिलेला असतो, बऱ्याचदा पिवळ्या टाइल्सही बसवलेल्या असतात. कागदावर रॅम्प पूर्ण होतो, पण त्यातले कितीतरी रॅम्प व्हीलचेअरवाल्याला एकट्याने चढता येत नाहीत. माझ्या मते मूळ चूक एकच आहे. रॅम्प सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत आणि उरलेल्या मालात केला जातो. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. वॉर्डातले कनिष्ठ अभियंते, ठेकेदाराचे सुपरवायझर आणि कामावर लक्ष ठेवणारे एएलएमचे (पालिकेसोबत काम करणाऱ्या रहिवाशांच्या गटांचे) रहिवासी, तिघांनाही उपयोगी पडेल असं लिहितो आहे.

लेव्हल न बघता ओतलेला उतार

उताराचं प्रमाण १:१२ हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. म्हणजे एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मार्गदर्शिकेनुसार फूटपाथ रस्त्यापासून १५ सेंटीमीटरहून उंच नसावा. तेवढ्या उंचीला १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. आता आपल्याकडचे फूटपाथ बघा. ‘पाणी भरतं’ म्हणून ते २५ सेंटीमीटरपर्यंत उचलले, तर रॅम्प सरळ तीन मीटरचा होतो. तेवढी रुंदी फूटपाथला नसते. मग कारागीर काय करणार? आहे त्या जागेत उतार बसवतो. तो १:६ होतो, कधी त्याहून खडा.

दोष कारागिराचा नाही. रस्त्याची अंतिम लेव्हल, कर्बचा (फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेच्या दगडाचा) माथा आणि फूटपाथची मागची कड या तीन उंची आधी ठरवून मगच रॅम्प आखायला हवा. रस्त्याचं काँक्रीटीकरण व्हायचं असेल तर त्याची लेव्हल आजच मागून घ्या. नाहीतर आज बरोबर बसलेला रॅम्प वर्षभरात रस्त्याच्या खाली तरी जातो, नाहीतर वर लटकतो.

फूटपाथ अरुंद असेल तर आडवा रॅम्प कापायच्या फंदात पडू नका. रॅम्पच्या माथ्यावर किमान १.२ मीटर सपाट जागा उरली पाहिजे. नाहीतर वर आलेली खुर्ची वळणार कुठे, आणि सरळ चालणाऱ्याला तिरक्या उतारावरून जावं लागतं ते वेगळंच. अशा ठिकाणी फूटपाथच दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरवून अख्खा कोपरा रस्त्याच्या पातळीला आणावा. किंवा उलट करावं, झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीवर उचलावं. गिरगाव-दादरच्या जुन्या गल्ल्यांत मला दुसरा उपाय जास्त पटतो. गाड्याही आपोआप हळू होतात. मात्र कर्बच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याला वाट ठेवावीच लागते.

तपासणी सोपी आहे. १.२ मीटरची सरळ पट्टी आणि स्पिरिट लेव्हल घ्या. पट्टीचं एक टोक उतारावर टेकवून दुसरं, खालच्या बाजूचं टोक बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत उचला. त्या टोकाखालची फट दहा सेंटीमीटरहून जास्त असेल तर उतार खडा आहे. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅपही चालतं. ४.८ अंशांच्या आत हवं.

पायथ्याची कड

‘थोडीशी कड ठेवा, पाणी वर येणार नाही’ हे वाक्य साइटवर नेहमी ऐकू येतं. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. ती दोन सेंटीमीटरच्या कडेलाही अडतात, आणि खुर्ची उतरणीवर असेल तर माणूस पुढे फेकला जातो. पायथा रस्त्याशी सपाट हवा.

मग अंध व्यक्तीला फूटपाथ संपला हे कळणार कसं? पांढऱ्या काठीला कर्बची कड लागते, तीच तिची खूण असते. ती कड आपण काढली म्हणून ठिपक्यांच्या टाइल्स बसवायच्या. रंगसंगतीसाठी नव्हे. ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. लांब पट्ट्या म्हणजे या दिशेने चला. त्यामुळे पट्ट्यांच्या टाइल्स कोपऱ्यावरून चेंबरच्या झाकणावर किंवा विजेच्या खांबावर नेऊन सोडणं हे टाइल्स न बसवण्यापेक्षा वाईट.

कड राहिलीच असेल तर रॅम्पचं तोंड ग्राइंडरने घासून उतरवा. रस्त्यावर सिमेंटची पाचर थापू नका. ती एक पावसाळा टिकत नाही, आणि टिकली तर कडेने वाहणारं पाणी अडवते.

पाणी

रस्त्याचा ढाळ कर्बकडे असतो, म्हणजे रॅम्पचा पायथा नेमका सर्वांत सखल जागी येतो. जून ते सप्टेंबर तिथे तळं साचतं. खाली खड्डा आहे की कड, हे पाण्यात दिसत नाही, आणि सगळे पादचारी मिळेल तिकडून उडी मारतात. व्हीलचेअरला उडीचा पर्याय नाही. पावसाळी पाण्याची जाळी रॅम्पच्या वरच्या अंगाला घ्या, म्हणजे पाणी पायथ्यापर्यंत पोहोचायच्या आधी आत जाईल. जाळी वाटेत येतच असेल तर तिच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि साधारण १२ मिलिमीटरच्या आत असाव्यात. काम ताब्यात घेण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून बघा, उत्तर लगेच मिळतं.

नाकावरचा एकच रॅम्प

खर्च वाचवायला कोपऱ्याच्या नाकावर तिरका एकच रॅम्प करतात. त्यावरून उतरणारी खुर्ची झेब्र्यावर न जाता थेट चौकाच्या मध्याकडे जाते, आणि तिथे वळणाऱ्या रिक्षा-बस असतात. दोन झेब्रा असतील तर दोन रॅम्प, प्रत्येक आपापल्या झेब्र्याच्या सरळ रेषेत. समोरच्या फूटपाथवरही रॅम्प हवा, हे लिहावं लागतं यातच सगळं आलं. मधला दुभाजकही विसरला जातो. तिथे किमान १.२ मीटर रुंदीची, रस्त्याच्या पातळीतली वाट कापा.

सोसायटीच्या गेटसमोरचा गाड्यांचा उतार मोजणीत ‘रॅम्प’ म्हणून धरला जातो, तेही बंद व्हावं. तो गाडीसाठी असतो आणि उलट फूटपाथच तिरका करतो.

बोलार्ड

बाइक फूटपाथवर चढतात म्हणून रॅम्पच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, ठोकले जातात, तेही इतके जवळ की खुर्ची जात नाही. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या मुंबईकराच्या ई-मेलवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याची स्वतःहून दखल घेतली होती. दोन बोलार्डमध्ये १.२ मीटर मोकळी जागा ठेवा. हो, त्यातून बाइकही जाईल. तिला अडवणं हे दंडाच्या पावतीचं काम आहे.

पृष्ठभाग

पॉलिश टाइल नको, सुटे पेव्हर ब्लॉकही नकोत, ते खचतात. पार्किंगच्या रॅम्पसारख्या खोल खाचाही नकोत, खुर्ची हादरते. ओल्या काँक्रीटवर आडवा झाडू फिरवून खरखरीत केलेला पृष्ठभाग पुरेसा आहे.

‘या फक्त मार्गदर्शक सूचना आहेत’ असं कुणी म्हणालं, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दाखवा. सुगम्यतेसाठी, म्हणजे दिव्यांगांना सार्वजनिक जागा सहज वापरता याव्यात म्हणून, राजीव रतुरी यांनी केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच पळवाट बंद केली: सुगम्यतेचे निकष सक्तीचे हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. रहिवाशांनी तक्रार महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर किंवा वॉर्ड ऑफिसात करताना ‘रॅम्प खराब आहे’ एवढंच लिहू नये. टेप लावलेला फोटो, कडेची उंची, उताराचा अंश आणि कोणता कोपरा ते लिहावं. आणि ठेकेदाराचं बिल मंजूर व्हायच्या आधी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका माणसाला तो चौक दोन्ही दिशांनी ओलांडायला सांगावं, मागे ढकलणारा कुणी न ठेवता.