आपल्या मशीनवर कोणता डीएनएस रिझॉल्व्हर बसवायचा?

डीएनएस रिझॉल्व्हर म्हणजे नावावरून आयपी पत्ता वगैरे माहिती शोधून देणारा प्रोग्रॅम. मी मेल सर्व्हर सांभाळते. एक मेल आलं की पाठवणाऱ्या आयपीचं रिव्हर्स नाव, पाठवणारा खरा आहे का ते तपासणारे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि वर दोनचार ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या), इतक्या क्वेरी, म्हणजे डीएनएसला विचारणा, होतात. बहुतेक लिनक्सवर नावं शोधणारी ग्लिबसी लायब्ररी यातलं काहीच लक्षात ठेवत नाही. तेच नाव क्षणभराने पुन्हा लागलं तर पुन्हा नेटवर्कवर जाते. कुणाला विचारायचं ते लिहिलेल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमधला पहिला सर्व्हर गप्प बसला, तर पाच सेकंद वाट पाहून मगच दुसऱ्याला विचारते. म्हणून मिळालेली उत्तरं साठवणारी कॅश मशीनवरच हवी. प्रश्न उरतो तो कोणती, एवढाच.

काहीही इन्स्टॉल करण्याआधी डीएनएसच्या पोर्ट ५३ वर कोण बसलंय ते पाहा. लिनक्सवर एसएस कमांड यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी चालवा. अनेक डिस्ट्रोंमध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा रिझॉल्व्हर आधीपासून १२७.०.०.५३ वर ऐकत असतो आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल नसून दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. फ्रीबीएसडीवर आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१४ पासून, बाइंड या जुन्या डीएनएस सर्व्हरच्या जागी अनबाउंड हा रिझॉल्व्हर बेसमध्येच, म्हणजे मूळ सिस्टममध्येच, आहे. ओपनबीएसडीतही ते बेसमध्ये मिळतं. तिथे फक्त चालू करायचं.

आता खरा निर्णय. तुम्हाला फॉरवर्डर हवाय की रिकर्सिव्ह रिझॉल्व्हर? फॉरवर्डर तुमची क्वेरी दुसऱ्या कुणाकडे सोपवतो आणि मिळालेलं उत्तर साठवतो. रिकर्सिव्ह रिझॉल्व्हर स्वतः रूटपासून, म्हणजे डीएनएसच्या सर्वांत वरच्या सर्व्हरपासून, सुरुवात करून त्या डोमेनच्या अधिकृत सर्व्हरपर्यंत पोचतो. लोक इथे वेगाची तुलना करत बसतात. माझ्या मते आधी विचारावं की उत्तर कुणाच्या भरवशावर घ्यायचं. मेलच्या कामात तर दुसरा मार्गच नाही. स्पॅमहाउससारख्या ब्लॉकलिस्ट मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या क्वेरींना खरं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा एरर कोड परत करतात. फिल्टरने त्याचा अर्थ ‘आयपी यादीत आहे’ असा लावला, तर चांगलं मेल अडकतं. मेल सर्व्हरवर रिकर्सिव्हच बसवा.

रिकर्सिव्हची किंमतही आहे. थंड, म्हणजे रिकाम्या कॅशवर पहिलं उत्तर सावकाश येतं, आणि बाहेर जाणारं पोर्ट ५३ उघडं लागतं. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडला ट्रेस पर्याय देऊन पाहा. रूटपासून खालपर्यंत उत्तरं आली नाहीत, तर त्या नेटवर्कवर फॉरवर्डरच चालेल.

लॅपटॉपवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड असेल तर तो राहू द्या. व्हीपीएन जोडल्यावर ऑफिसची नावं एका सर्व्हरला आणि बाकीची दुसऱ्याला विचारायची, हे तो इंटरफेसनुसार नीट करतो. मात्र अनेक डिस्ट्रो त्यातली डीएनएससेक पडताळणी, म्हणजे उत्तरावरची डिजिटल सही तपासणं, बंद ठेवतात. लहान नेटवर्कला डीएचसीपी (मशीनना आयपी वाटणारी सेवा) आणि डीएनएस एकत्र हवं असेल तर डीएनएसमास्क. तो फॉरवर्डर आहे, आणि त्याची कॅश मुळात फक्त १५० नावांची असते, ती वाढवा. जानेवारी २०२१ मध्ये डीएनएसपूक नावाने त्यातल्या अनेक त्रुटी जाहीर झाल्या, त्यामुळे जुन्या राउटरमधली जुनी आवृत्ती वापरू नका. रिकर्सिव्हमध्ये नॉट रिझॉल्व्हर आणि पॉवरडीएनएस रिकर्सर दोन्ही उत्तम आहेत. बाइंड आधीच चालवत असाल तर तेही चालेल, पण नुसत्या कॅशसाठी मी ते मुद्दाम आणणार नाही.

सर्व्हरवर माझी निवड अनबाउंड. ते स्वतः रिकर्शन करतं, डीएनएससेक पडताळतं, आणि सांगितल्याशिवाय लोकलहोस्टबाहेर कुणाला उत्तर देत नाही. हे शेवटचं तसंच ठेवा. उघडा रिझॉल्व्हर इतरांवरच्या हल्ल्यांत वापरला जातो. सेटिंग फार लागत नाहीत. प्रीफेच चालू करा, म्हणजे टीटीएलचा (उत्तर किती वेळ साठवायचं त्या मुदतीचा) शेवटचा दहावा भाग उरलेला असताना कुणी विचारलं तर नाव आधीच ताजं केलं जातं. मेमरी असेल तर मेसेज कॅश (पूर्ण उत्तरांची) वाढवा आणि आरआरसेट कॅश (त्यातल्या नोंदींची) तिच्या दुप्पट ठेवा. कॅश-मिन-टीटीएल मात्र शून्यावरून हलवू नका. ब्लॉकलिस्ट टीटीएल लहान ठेवतात ते यादी सतत बदलते म्हणून, आणि तो ओढून लांबवला की तुम्ही शिळ्या यादीवर मेल नाकारता.

मग रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ लिहा, आणि फक्त तेवढंच. ‘असू दे बॅकअपला’ म्हणून खाली सार्वजनिक रिझॉल्व्हर जोडायचा मोह होतो, तो टाळा. पडताळणीत नापास झालेल्या नावाला अनबाउंड सर्व्हफेल (उत्तर देता आलं नाही असा कोड) देतं, ग्लिबसी लगेच पुढच्या सर्व्हरकडे वळते, आणि जे उत्तर अडवायचं होतं ते मागच्या दाराने आत येऊ शकतं. ग्लिबसीऐवजी मसल ही लायब्ररी वापरणाऱ्या सिस्टमवर तर यादीतल्या सगळ्यांना एकदमच विचारलं जातं. डीएचसीपी क्लायंट किंवा नेटवर्कमॅनेजर ही फाइल पुन्हा लिहीत असेल तर त्यालाही थांबवा.

अनबाउंड-चेककॉन्फने फाइल तपासा, सर्व्हिस सुरू करा, आणि डिगने एकच नाव लागोपाठ दोनदा विचारा. दुसऱ्यांदा क्वेरी टाइम शून्य मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवा. सही केलेल्या डोमेनच्या उत्तरात एडी फ्लॅग (सही पडताळल्याची खूण) दिसला पाहिजे, आणि मुद्दाम मोडकी सही ठेवलेल्या डीएनएससेक-फेल्ड.ऑर्ग या डोमेनला सर्व्हफेल.

सगळ्याच नावांना सर्व्हफेल येत असेल तर आधी घड्याळ पाहा. डीएनएससेकच्या सह्यांना सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते. ज्या बोर्डवर बॅटरीचं घड्याळ नाही, ते जुनी तारीख घेऊन उठतं, सह्या अमान्य ठरतात, आणि वेळ दुरुस्त करायला लागणाऱ्या एनटीपी सर्व्हरचं नावही सापडत नाही. अशा मशीनवर एनटीपीच्या यादीत निदान एक सर्व्हर नावाऐवजी आयपीने द्या.