ईईओसीच्या अपिलातून फेडरल कोर्टात जाताना

तुम्ही अमेरिकेत फेडरल सरकारच्या नोकरीत आहात आणि भेदभावाच्या तक्रारीवर ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाकडे, अपील केलंय. ईईओसीच्या अपील विभागाचा निकाल आला की तो वाचायच्या आधी एक काम करा: तो कोणत्या दिवशी मिळाला ते लिहून ठेवा. टपालाने आला असेल तर पाकीट जपा, पोर्टलवर आला असेल तर सूचनेचा स्क्रीनशॉट काढा. इथून ९० दिवसांत फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा दाखल व्हायला हवा. मी तर निकालावरच्या तारखेपासूनच दिवस मोजायला सांगते. दोन-चार दिवसांवरून सरकारी वकिलाशी वाद घालण्यात काय हशील? वकील दिलेला असेल तर त्याच्या ऑफिसात निकाल कधी पोचला तेही विचारा. १९९०च्या अर्विन खटल्यात मुदत ३० दिवसांची होती, पत्र आलं तेव्हा वकील परदेशी होता आणि दावा ऑफिसात पत्र आल्यापासून ४४व्या दिवशी दाखल झाला. वकिलाच्या ऑफिसात पोचलं म्हणजे तुम्हाला पोचलं, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं आणि दावा मुदतबाह्य झाला.

अपिलाचा निकालच येत नसेल तर अपील केल्यापासून १८० दिवस उलटल्यावर थेट कोर्टात जाता येतं. खासगी नोकरीतले मित्र ‘राइट टू सू’ पत्राची, म्हणजे दावा करायला मोकळीक देणाऱ्या ईईओसीच्या पत्राची, वाट बघायला सांगतील. सरकारी कर्मचाऱ्याला त्या पत्राची गरज नाही. मात्र दावा दाखल झाला की ईईओसी अपिलाची फाइल बंद करते, म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही. बडतर्फीसारखं प्रकरण मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडून (फेडरल कर्मचाऱ्यांची अशी अपिलं ऐकणारं मंडळ) आलं असेल तर मुदत ९० नव्हे, ३० दिवसांची. इथे बरेच जण फसतात.

आता निकाल शांतपणे वाचा. भारतात कॅट किंवा मॅटच्या (सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणांच्या) निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून आलेल्या आपल्या लोकांना वाटतं, कोर्ट खालच्या निकालातल्या चुका तपासेल. तसं नाही. १९७६च्या चँडलर खटल्यापासून इथे पाटी कोरी असते, पुरावा पहिल्यापासून मांडायचा. हरलेल्याला हे बरंच आहे. पण ईईओसीने भेदभाव मान्य करून भरपाई तुटपुंजी दिली असेल तर फार विचार करा. फक्त रक्कम वाढवून घ्यायला कोर्टात गेलात तर अनेक अपील कोर्टांच्या मते भेदभाव झाला हेसुद्धा नव्याने सिद्ध करावं लागतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यातला प्रकार! मनस्तापाच्या भरपाईला मोठ्या एजन्सीविरुद्ध (एजन्सी म्हणजे तुमचं सरकारी खातं) ३ लाख डॉलरची मर्यादा आहे (बुडालेला पगार वेगळा), सरकारविरुद्ध दंडात्मक भरपाई मिळत नाही, आणि दावा वयाचा असेल तर ज्युरीही नाही.

कागदांमध्ये सगळ्यात मोलाचं आहे तक्रार स्वीकारल्याचं पत्र. एजन्सीने कोणते मुद्दे तपासाला घेतले ते त्यात लिहिलेलं असतं, आणि जे तिथे कधी मांडलंच नाही ते कोर्टात सहसा चालत नाही. त्याच्या जोडीला मूळ तक्रार, तक्रारीआधी ज्याच्याशी बोललात त्या समुपदेशकाचा अहवाल, तपासाचा अहवाल, सुनावणी झाली असेल तर तिची नोंद, एजन्सीचा अंतिम निर्णय आणि अपिलाचा निकाल तारखेवार लावा, वर एका पानाचा घटनाक्रम. ऑफिसच्या मेलवरून घरच्या मेलवर फायली पाठवत बसू नका, त्यातून शिस्तभंगाची नवीनच भानगड उभी राहते. कोर्टात जाणाऱ्या कागदांवर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे आणि जन्मतारखेचं फक्त साल ठेवा.

प्रतिवादी कोण? माजी सैनिकांच्या सरकारी (व्हेटरन्स) हॉस्पिटलमध्ये त्रास झाला तरी साहेबावर नाही, हॉस्पिटलवरही नाही. दावा त्या खात्याच्या सेक्रेटरीवर, पदाच्या नात्याने. मधेच सेक्रेटरी बदलले तरी दावा चालू राहतो.

दाव्याचा छापील नमुना फेडरल कोर्टांच्या संकेतस्थळावर मिळतो. सोबत मुखपृष्ठाचा फॉर्म, समन्स आणि ४०५ डॉलर फी. ऐपत नसेल तर फी माफीचा आणि वकील नेमून देण्याचा अर्ज थेट कोर्टाकडे करा. त्या अर्जाचं उत्तर येईल तेव्हा बघू म्हणून दावा लांबवू नका. ज्युरी हवी असेल तर दाव्यातच मागा.

दाखल झालं की समन्स बजावायला ९० दिवस मिळतात, आणि ते तीन ठिकाणी पोचवावं लागतं: त्या जिल्ह्याच्या यू.एस. अॅटर्नींचं (फेडरल सरकारच्या वकिलांचं) ऑफिस, वॉशिंग्टनमधले अॅटर्नी जनरल आणि खुद्द एजन्सी. तुम्ही स्वतः वादी असल्याने पाकिटं हातात घेऊन जाऊ नका, ते काम दुसऱ्या सज्ञान व्यक्तीकडून करवा. टपालाच्या पावत्या घटनाक्रमाच्या पानामागे टाचून ठेवा. यू.एस. अॅटर्नींना समन्स मिळाल्यापासून ६० दिवसांत सरकारचं उत्तर यायला हवं.